सलामभाईचं फाटक

"अब्बा, चमचा द्या," टाकीवरून नजर न काढता अलीमनं हात मागं केला.

त्यानं शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडली होती. टाकीवरचं जाळीचं झाकण खाटेवर काढून ठेवलं होतं, वरून सोडलेला पिवळा बल्ब एका बाजूला सारला होता. शेजारी आईस्क्रीमचा मोठा डबा होता, झाकणाला दाभणानं भोकं पाडलेला. त्या डब्यातल्या ओल्या वाळूवर एक खेकडी अंग चोरून बसली होती. तिचं नाव बेगम. आता तेवढा सलामभाई पकडायचा राहिला होता, आणि सलामभाई वाळूच्या पोटात दार लावून बसला होता.

लांब दांड्याचा स्टीलचा चमचा मीरासाहेबांच्या हातात होता. तो त्यांनी पुढं केला नाही.

"कशाला पायजे?"

"उकरायला. दुसरं कशाला?"

"उकरायचं न्हाई."

बोळाच्या तोंडाशी पिकअपचा हॉर्न वाजला. एकदा लांबलचक, मग दोनदा तुटक. अलीमचा दोस्त सुदर्शन गाडीत बसला होता. गाडीवर अलीमच्या आईचं, खातूनबींचं, जुनं लोखंडी कपाट आडवं बांधून झालं होतं. शिरूरला अलीमनं फ्लॅट घेतला होता. कपाट तिथं जायचं होतं, आणि कपाटाबरोबर हे दोन खेकडेही. टाकी रिकामी करून, पुसून, गोधडीत गुंडाळून न्यायची, खेकडे डब्यातून न्यायचे, असा अलीमचा बेत होता.

"अब्बा, ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या म्हंजी न्हावऱ्याला गाडी हलत न्हाई. सुदर्शनला संध्याकाळचं दुसरं भाडं हाय."

"मग त्याला जाऊ दे."

"आन् हिला काय सांगू?"

अलीमनं मानेनंच तहमीनाकडं दाखवलं. त्याची सहावीतली ही लेक टाकीच्या काचेला नाक लावून उकिडवी बसली होती. तिच्या श्वासानं काच धुरकट होत होती, आणि ती बोटानं पुसत होती.

हे खेकडे आपल्या भीमेच्या पात्रात दगडाखाली सापडतात तसले नव्हेत. ही जात समुद्राकाठच्या खाडीत राहणारी. दुकानदार त्यांना फिडलर म्हणतात. अंग रुपयाच्या नाण्याएवढं. पण नराची एक नांगी इवलीशी, तर दुसरी त्याच्या सबंध अंगाला भारी. ही मोठी नांगी तो उचलतो, बाहेरच्या बाजूनं फिरवतो आणि पुन्हा तोंडाशी आणतो. थोडं थांबतो, पुन्हा उचलतो. मादीनं आपल्याकडं बघावं, दुसऱ्या नरानं लांब राहावं, एवढाच त्याचा निरोप. पण पुण्याच्या दुकानात काचेपलीकडून पहिल्यांदा त्यानं नांगी उचलली तेव्हा तहमीना म्हणाली होती, "पप्पा, हा मला सलाम करतोय." तेव्हापासून तो सलामभाई झाला.

वाढदिवसाला घेतलेले ते खेकडे शिरूरच्या भाड्याच्या खोलीत फार दिवस राहिले नाहीत. टाकी फुटली तर खालच्या बिऱ्हाडात पाणी जाईल, असं घरमालक म्हणाला, आणि त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी दौंडला आली. तहमीनानं आजोबांना शेजारी बसवून सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाली, "दादाजी, आमचा फ्लॅट झाला की मी न्यायला येईन. तोपर्यंत तुमच्या ताब्यात."

"चार्ज घेतला," मीरासाहेब म्हणाले होते. थट्टेनं नव्हे. रेल्वेत ड्यूटी बदलताना हाच शब्द म्हणायचा असतो.

मीरासाहेब गेटमन होते. केडगावच्या पुढं रेल्वेवर एक फाटक होतं. दोन शिवारांमधला गाडीरस्ता तिथं रूळ ओलांडायचा. सगळी नोकरी त्यांनी त्या फाटकावर काढली. स्टेशनातून फोन आला की फाटक लावायचं, कुलूप घालायचं, हिरवं निशाण घेऊन उभं राहायचं. गाडी गेली की उघडायचं. ते रिटायर झाले, आणि पुढच्याच वर्षी तिथं रुळांखालून बोगदा झाला. फाटक गेलं, केबिन पाडली. पाडणाऱ्यांनी केबिनमधला पाण्याचा रांजण बाहेर उन्हात ठेवला होता. मीरासाहेबांनी तो हौशीरामच्या टेम्पोत घालून घरी आणला. हौशीराम गँगमन होता. सगळी नोकरी त्यानं रूळ ठोकत काढली होती, आणि आता शेजारच्याच घरात राहून मीरासाहेबांना ठोकत होता.

"मीरासाब," खेकडे आले त्या दिवशी तो म्हणाला होता, "रश्श्याला लई कमी पडत्यात की. आजून चार-सहा आणायचे व्हते."

त्या रांजणात आता खेकड्यांचं पाणी तयार व्हायचं. त्यामागंही एक गोष्ट होती. दौंडात पाहुणा आला तर त्याच्यापुढं कुणी बोअरचं पाणी ठेवत नाही. जारचं गोड पाणी ठेवतात. खातूनबींनीही तेच केलं. आलेले पाहुणे नातीचे, लांबून आलेले. त्यांच्या टाकीत त्यांनी जारचं, गाळलेलं, नितळ पाणी ओतलं. खेकडे तेव्हा तीन होते. तिसरा आठवडाभरात सुस्त पडला आणि गेला. "मी तर चांगलंच पाणी दिलं व्हतं," खातूनबी दिवसभर म्हणत राहिल्या. संध्याकाळी तहमीनानं फोनवर सांगितलं की दुकानदारानंच गोडं पाणी चालतं असं चुकीचं सांगितलं होतं. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी ह्यांना लागतं, ना पुरतं गोड ना पुरतं खारं. घरातलं मीठ चालत नाही. त्याचं वेगळं समुद्री मीठ मिळतं.

तेव्हापासून मीरासाहेब रांजणात पाणी घ्यायचे, उघडं ठेवायचे, ते पाकिटातलं मीठ त्यात विरघळवायचे आणि टाकीत बदलायचे. टाकीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळूचा चढ. खेकडे वाळू उचलून तोंडाशी न्यायचे, त्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूला ठेवायचे. सकाळी त्या गोळ्यांची रांग लागलेली असायची. खातूनबी धुतलेल्या सुकटीचा एखादा तुकडा टाकायच्या. पाहुण्याला मचूळ पाणी द्यायला त्यांचा हात अजूनही धजत नसे, म्हणून पाणी मीरासाहेबांकडं आणि खाणं त्यांच्याकडं अशी वाटणी झाली होती. सकाळी चहा ठेवताना सलामभाईनं नांगी उचललेली दिसली की त्या चुलीपासूनच म्हणायच्या, "वालेकुम सलाम."

पण दिवाळीची सुट्टी संपली त्या सुमारास सलामभाईनं वाळूचा एक गोळा ओढत आपल्या बिळाच्या तोंडाशी आणला, स्वतः आत उतरला आणि गोळा वरून ओढून घेतला. दार बंद. ते आजतागायत बंद होतं.

"मेलाय तो, अब्बा," अलीम आता समजावणीच्या सुरात म्हणाला. "पंधरा दिवस झाले. आत काय खातोय तो?"

"मेला असता तर वास आला असता. मी रोज हुंगतो."

"थंडीत कसला वास येतोय?"

"मग बेगमनं उकरून खाल्ला असता त्याला. मेलेलं सोडत न्हाईत त्यांच्यात."

"व्हय का?" ओट्यावर बसलेला हौशीराम आतल्या बाजूला वाकून म्हणाला. "नवऱ्यालाबी? खातूनवैनी, ऐकताय न्हवं?"

"मला कशाला सांगता," खातूनबी म्हणाल्या. "मी ह्यांना आजून जित्ता ठिवलाय, तेवढं पुरं."

अलीमला हसू आलं नाही. "बरं, मग छातीवर हात ठिवून सांगा. जिवंत हाय का?"

मीरासाहेबांनी वाळूकडं बघितलं. बिळाच्या तोंडावरचा गोळा वाळून फिकट झाला होता, आजूबाजूच्या वाळूसारखाच. तिथं बीळ आहे हे माहीत नसलेल्याला कळलंही नसतं.

"ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"ठावं न्हाई म्हणून तर उकरायचं न्हाई."

पुन्हा हॉर्न वाजला. ह्या वेळी सुदर्शननं हात काढलाच नाही. बोळातली कुत्री भुंकायला लागली.

"दादाजी," तहमीनानं काचेपासून नाक काढलं, "तो दार का लावतो?"

मीरासाहेब खाली बसले. गुडघे कुरकुरले. तिच्याशी बोलताना उभ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तुझी गेल्या वर्षीची चप्पल यंदा बसती का गं?"

"नाही. अंगठा बाहेर येतो."

"मग काय करतीस?"

"पप्पा नवी आणतात."

"ह्याला कोण आणून देणार? त्याचं कवच म्हंजी त्याची चप्पल. सगळ्या अंगाला घातलेली. अंग वाढतं, कवच वाढत न्हाई. मग एक दिवस ते सगळं उतरून टाकावं लागतं. पायांचं, नांगीचं, डोळ्यांच्या दांड्यांचंसुद्धा. आत नवं असतं, पण कसं? मळलेल्या कणकीसारखं. बोट लावलं तर खड्डा पडंल. तशा वेळी कुणी गाठलं तर संपला. म्हणून आधी दार लावायचं, मग कपडे बदलायचे."

"मग कडक व्हायला किती दिवस लागतात?"

"ते त्याचं त्याला ठाऊक. लहान असला तर लवकर, मोठी नांगी असली तर येळ लागतो. ह्याची नांगी बघितलीस ना केवढी? तेवढी सगळी वाळायची म्हंजी."

"आणि आपण आत्ता उकरलं तर?"

"मेला असंल तर काय बिघडत न्हाई," मीरासाहेब म्हणाले. "जिवंत असंल तर मरंल."

तहमीनानं बापाकडं बघितलं. अलीमनं नजर चुकवली. लेकीला त्यानं सकाळी निघताना सांगितलं होतं, आज रात्री सलामभाई आपल्या खिडकीत असेल. नव्या फ्लॅटच्या त्या खिडकीत तिनं टाकीसाठी जागा पुसून ठेवली होती. रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टमागून शिफ्ट करणाऱ्या माणसाला लेकीला दिलेले शब्द असे वारंवार पाळता येत नाहीत. एखादा पाळायची वेळ येते तेव्हा तो घाईला येतो. मीरासाहेबांना हे कळत होतं.

"टाकी तशीच उचलून न्या," खातूनबी म्हणाल्या. "वाळूसकट."

"अम्मी, पाणी-वाळूसकट ती उचलायला चार माणसं लागतील. आन् त्या रोडला गाडी अशी आपटती की आतली सगळी वाळू त्याच्या डोक्यावर बसंल. तसाबी मरंल."

"मग ठिव हितंच. पुढच्या वेळी ने."

"पुढची वेळ कवा? ह्या महिन्यात मला एक रविवार भेटला, तो हा." अलीम उभा राहिला. आवाज चढला होता. "एक चमचा वाळू बाजूला करायची, एवढंसं काम. पण अब्बांचं आपलं तेच. सगळी उमर तेच केलं. बंद करायचं आन् म्होरं उभं ऱ्हायचं. लोक शिव्या देऊ देत, हॉर्न मारू देत, ह्यांना काय?"

हौशीरामनं तोंड बाहेर वळवलं.

अलीमनं हात पुढं केला. "द्या तो."

मीरासाहेबांनी काही ठरवून केलं असं नाही. अलीमचा हात चमच्यापर्यंत आला, आणि ते अर्धे वळले. कोपऱ्यातल्या रांजणावरची झाकणी त्यांनी डाव्या हातानं सरकवली आणि उजव्या हातातला चमचा आत सोडला. डुबुक् असा आवाज झाला. मग तळाशी स्टील टेकल्याचा बारीक आवाज आला. झाकणी त्यांनी परत जागेवर बसवली आणि हात मागं घेऊन उभे राहिले.

अलीमचा हात पुढं तसाच राहिला. तो रांजणाकडं बघत होता.

"हा त्योच रांजण ना?" तो म्हणाला.

"कोणता?"

"फाटकावरचा."

"व्हय."

"त्या दिवशी तुम्ही किल्ली ह्यातच टाकली व्हती."

मीरासाहेबांनी लेकाकडं चमकून बघितलं. त्या दिवसाबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते. खातूनबींनाही त्यांनी गालावर फाटकाचा दांडा लागला म्हणूनच सांगितलं होतं.

लग्नसराई होती. मालगाडी यायची होती, स्टेशनातून फोन आला होता, फाटक लागलं होतं. तिकडून वऱ्हाडाच्या जीपा आल्या. मुहूर्ताची घाई. पोरं उतरली, रुळावर वाकून दोन्ही बाजूंना बघून आली आणि म्हणाली, गाडीचा पत्ता न्हाई, उघड. मीरासाहेब म्हणाले, न्हाई. आधी विनवणी झाली, मग आईवरून शिव्या झाल्या. मग एकानं त्यांची गचांडी धरली आणि किल्ली मागितली. मीरासाहेबांनी ती केबिनच्या दारातल्या रांजणात सोडली. तेव्हा त्या पोरानं चपराक मारली. ती इतकी जोरात होती की डोक्यावरची टोपी रुळाच्या खडीत जाऊन पडली. त्या पोरांनी रांजणात हात घालायच्या आतच केडगावच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली. मालगाडी आली. मीरासाहेबांनी टोपी उचलली, निशाण घेतलं आणि जागेवर उभे राहिले. कुठं ठिणगी उडते का, कुठं काही लोंबतंय का, हे बघायचं असतं. ते त्यांनी प्रत्येक चाकाचं बघितलं. शेवटच्या डब्यातून गार्डनं त्यांना हिरवं निशाण दाखवलं. मग त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून रांजणातून किल्ली काढली आणि फाटक उघडलं. जीपा गेल्या. कुणी वळून बघितलं नाही. बघायचं कशाला? घडलं तर काहीच नव्हतं.

"तू कुठं व्हतास?" मीरासाहेबांनी विचारलं.

"डबा घिऊन आलो व्हतो. बाभळीपाशी सायकल लावली, आन् तितंच थांबलो."

"डबा तर मला केबिनमागं सापडला."

"ठिवला आन् पळालो." अलीम खाटेच्या कडेला बसला. "परत कवा आलोच न्हाई डबा घिऊन. अम्मीला सांगितलं, चेन पडती सायकलची."

खातूनबींनी पदराचं टोक हातात घेतलं. ती चेन त्यांनी चार-पाच वेळा दुरुस्तीला पाठवली होती.

"मला वाटायचं," अलीम म्हणाला, "तुम्ही उलटून एक ठिवून द्यायला पायजे व्हती. लई वर्सं वाटायचं. तुम्हाला मारलं आन् तुम्ही निशाण घिऊन उभे ऱ्हायले."

"मारामारी करत बसलो असतो तर गाडी कुणी बघितली असती?"

"किल्लीचं ध्यानातच न्हवतं माझ्या. चपराकच ध्यानात."

"तुझं वय तेवढंच व्हतं," मीरासाहेब म्हणाले. मग जसं तहमीनाला सांगत होते तशाच आवाजात म्हणाले, "गाडी दिसत नसती, अलीम. दिसली असती तर फाटक कशाला लागतं? लोकांना वाटतं ह्याला ठाऊक असतं गाडी कुठं हाय ते. मला कवाच ठाऊक नसायचं. फोन आलाय, म्हंजी कुठंतरी हाय. आपण एवढंच करायचं, येईस्तोवर उघडायचं न्हाई."

हॉर्न पुन्हा सुरू झाला.

अलीम उठला. दुमडलेली बाही त्यानं खाली केली, बटण लावलं आणि चपला अडकवून बाहेर पडला. आत सगळ्यांना ऐकू आलं, इतका बोळ अरुंद होता.

"सुदर्शन, बंद कर गाडी."

"झालं का? आण डबा."

"न्हाई झालं. फाटक लागलंय."

"आँ? कुठलं फाटक? हितं बोळात कुठं आलं फाटक?"

"हाय. तुला दिसायचं न्हाई. हॉर्न वाजवू नको, आत चल, चहा घे."

इंजिन बंद झालं. कुत्री गप्प झाली. मीरासाहेब रांजणापाशी तसेच उभे होते. त्यांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून त्यांनी बल्ब पुन्हा वाळूवर आणला, झाकण उचललं आणि ते बसवणार तेवढ्यात तहमीना म्हणाली, "थांबा."

तिनं आईस्क्रीमचा डबा उघडला आणि टाकीच्या वाळूवर आडवा धरला. बेगम आधी हलली नाही. मग कडेकडेनं, तिरकी चालत, डब्यातून वाळूवर उतरली.

"हिला तरी ने की," खातूनबी म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कशाला जातीस?"

"नको दादी. तो बाहेर येईल आणि समोर कुणीच नसेल. मग कुणाला सलाम करेल?"

"मी हाय की."

"तुम्ही दिवसभर थोड्याच असता?" तहमीना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाबूत होता. तिनं स्वतःच्या हातानं जाळीचं झाकण बसवलं, चारी कोपरे दाबून बघितले आणि आजोबांकडं वळली. "दादाजी, चार्ज तुमच्याकडंच."

"चार्ज माझ्याकडं," मीरासाहेब म्हणाले.

चहा झाला. सुदर्शननं टाकीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यात हाय तरी काय?" हौशीराम म्हणाला, "वाळू. मीरासाबनी पाळलीया." सगळे हसले, अलीमसुद्धा. जाताना त्यानं आईच्या पाया पडायला वाकावं तसं वाकून रांजणावरची झाकणी जरा नीट केली. ती नीटच होती.

पिकअप बोळातून मागं मागं निघाली. मीरासाहेब दारापुढं आले. ते उभे राहिले ते दोन्ही पाय जुळवून, रस्त्याला तोंड करून. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं उभं राहायचं हे त्यांच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. गाडी वळून सरळ झाली आणि त्यांच्यासमोरून निघाली. पुढचं चाक गेलं. मग मागचं चाक. कपाटाच्या दोरीचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं, चाकापासून वीतभर.

मीरासाहेबांनी दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर उचलले, निशाण हाताशी नसलं की रेल्वेत गाडी थांबवायला उचलतात तसे.

सुदर्शनला कळलं नाही. पण अलीमनं खिडकीतून बघितलं आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. गाडी थांबली. अलीम खाली उतरला, दोरी शोधली, ओढून आवळली, टोक आत खोचलं. दोनदा हिसका देऊन बघितला. मग बापाकडं बघितलं.

मीरासाहेबांनी हात खाली घेतले. उजवा हात बाजूला आडवा धरून त्यांनी तो सावकाश वर-खाली हलवला: जपून पुढं जा. निशाण नव्हतं, तरी मूठ निशाणाच्या काठीभोवती असावी तशी वळलेली होती.

गाडी निघाली. बोळ संपून रस्ता वळतो तिथं लिंबाचं झाड आहे. त्या झाडापर्यंत अलीमचा हात खिडकीबाहेर होता. तो टाटा करत नव्हता. हात बाहेर काढून, सरळ, तसाच धरून ठेवला होता, शेवटच्या डब्यातला गार्ड धरतो तसा. गाडी वळली तेव्हा तो दिसेनासा झाला.

"काय रं हे?" ओट्यावरून हौशीराम म्हणाला. "पोरगं हात आत घ्यायला इसारलं का?"

"न्हाई," मीरासाहेब म्हणाले. "बरोबर हाय ते."

त्यांनी आत येऊन रांजणाची झाकणी काढली, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात घालून चमचा बाहेर काढला. पुसून खिळ्याला अडकवला.

पुढचे दिवस नेहमीसारखे गेले. सकाळ-संध्याकाळ तहमीनाचा फोन यायचा. मीरासाहेब सांगायचे, "लागलेलं हाय." ती म्हणायची, "बरं." तिनं एकदाही "आणखी किती" असं विचारलं नाही, आणि मीरासाहेबांना त्याचं फार वाटलं. शेजारच्या गल्लीत त्यांनी दोघातिघांना थांबवून सांगितलं, की आमची नात सहावीत आहे, पण तिला थांबता येतं. ऐकणाऱ्यांना त्यात काय सांगायचं ते कळलं नाही. बिळाच्या तोंडावरची वाळू तशीच फिकट होती. मीरासाहेब रोज वाकून हुंगायचे. एक-दोनदा त्यांनाही वाटलं, की आत काही नसेल. पण तसं तर फाटकावरही वाटायचं.

मग एका सकाळी ते नमाजाहून परत आले. थंडी होती, कानाला मफलर होता. दारात चपला काढत असताना त्यांना आतून खातूनबींचा आवाज ऐकू आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. चुलीवर चहाचं पाणी ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "वालेकुम सलाम."

मीरासाहेब उंबऱ्यात थांबले. मग आत आले.

बिळाचं दार बाजूला पडलं होतं. आत टाकून दिलेल्या जुन्या कवचाचा एक पाय वाळूतून वर दिसत होता. आणि चढावर सलामभाई उभा होता, नवाकोरा, फिकट, पहिल्यापेक्षा निश्चित मोठा. नांगी अजून पुरती वर जात नव्हती. अर्ध्यावर येऊन थांबायची. खाली बेगम पाण्याच्या कडेला गोळ्या करत बसली होती आणि तिनं वर बघितलं होतं की नाही ते सांगता येत नव्हतं.

खातूनबींनी फोन हातात घेतला होता. "लावू का तहमीनाला? उठली आसंल आता."

"जरा थांब."

"आता कशाला थांबायचं? आलाय की बाहेर."

"सगळी गाडी जाऊ दे," मीरासाहेब म्हणाले.

त्यांनी मफलर काढून खाटेवर ठेवला, पाय जुळवले आणि टाकीसमोर उभे राहिले. सलामभाईची नांगी पुन्हा अर्ध्यावर आली, थांबली, खाली गेली. मग परत वर निघाली. मीरासाहेबांची मूठ वळली होती. नांगी पुरती वर गेली, बाहेरून फिरली आणि तोंडाशी आली, तेव्हा त्यांनी खातूनबींकडं बघून मान हलवली.

"लाव आता," ते म्हणाले.